ज्ञानाच्या दाराला कुलूप कोणाचे?

तुमच्या दप्तरातले कोणतेही पुस्तक काढा आणि मुखपृष्ठाच्या आतले पहिले-दुसरे पान पाहा. प्रकाशकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, किंमत यांच्या आसपास बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : 'सर्व हक्क स्वाधीन'. पुष्कळदा तिच्या शेजारी वर्तुळात कोंडलेले इंग्रजी 'सी' हे अक्षरही असते. ही ओळ आपण सहसा वाचत नाही. पण ती मोठी बलवान आहे. या पुस्तकाच्या प्रती काढण्याचा, त्या विकण्याचा आणि त्याचे भाषांतर करण्याचा हक्क जगात फक्त एकाकडेच आहे, असे ती बजावून सांगते. या हक्काला कॉपीराइट म्हणतात. एखादी वस्तू विकण्याचा हक्क एकट्याच्याच हाती असला, की व्यापाराच्या भाषेत आपण त्याला मक्तेदारी म्हणतो. तेव्हा कॉपीराइट म्हणजे कायद्याने दिलेली मक्तेदारीच होय.

मक्तेदारी म्हटली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. ही मक्तेदारी मात्र समाजाने समजून-उमजून दिलेली आहे. ती का दिली हे आपण आधी पाहू आणि विज्ञानाच्या क्षेत्रात ती आज काय करते ते नंतर पाहू. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. कथा-कादंबऱ्यांना आणि पाठ्यपुस्तकांना ही मक्तेदारी, मर्यादित काळापुरती, योग्य आहे. शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांना ती मुळीच योग्य नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा सौदा

इंग्लंडमध्ये १७१० साली कॉपीराइटचा पहिला आधुनिक कायदा अमलात आला. त्या वेळी ॲन राणी गादीवर होती, म्हणून तो तिच्या नावाने ओळखला जातो. विद्येला उत्तेजन देणे हा हेतू त्या कायद्याच्या शीर्षकातच नमूद केला होता. लंडनच्या मूठभर पुस्तकविक्रेत्यांची धडपड छपाईचा मक्ता कायम आपल्याच हाती राहावा यासाठी चालली होती. कायद्याने हक्क दिला तो नव्या पुस्तकाच्या लेखकाला, आणि तोही १४ वर्षांपुरता. ही मुदत संपताना लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे. त्यानंतर पुस्तक सर्वांचे. विक्रेत्यांना हे रुचले नाही. आमचा हक्क कायमचाच आहे, असा त्यांचा दावा होता. तो १७७४ साली इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहाने फेटाळून लावला.

यातला सौदा नीट समजून घ्या. एखाद्याने दोन वर्षे खपून पुस्तक लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी वाटेल त्याने ते छापून विकले, तर लेखकाच्या हाती काय उरणार? म्हणून समाज त्याला म्हणतो, "काही वर्षे तू एकट्यानेच हे विक. आम्ही थोडी जास्त किंमत मोजू. तुझा चरितार्थ चालो, तू आणखी लिही. पुढे मात्र हे आमचे सर्वांचे." म्हणजे वाचकाने जास्त पैसे द्यायचे ते लेखकाच्या पोटासाठी. हे कारण ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला भेटलेला मेकॉले या वादातही होता. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट चालू ठेवावा, असे विधेयक १८४१ साली ब्रिटिश संसदेत आले, तेव्हा त्याने त्याला कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मक्तेदारी ही वाईटच असते. लेखकाला मोबदला मिळावा या चांगल्या हेतूसाठी आपण ते वाईट सोसतो. पण हेतू साधण्यास जितका काळ पुरेल, त्यापेक्षा एक दिवसही ते जास्त सोसू नये. ते विधेयक नामंजूर झाले. गंमत अशी, की ज्या ६० वर्षांना मेकॉलेने विरोध केला, नेमकी तीच मुदत आज भारतात लागू आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे अशी तरतूद होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. त्यांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली, तेव्हा कायदा बदलून ही मुदत ६० वर्षे करण्यात आली. मुदती वाढतच जातात, कमी होताना दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. कॉपीराइट असतो तो शब्दांच्या मांडणीवर, आकृतीवर, चित्रावर. वस्तुस्थितीवर किंवा कल्पनेवर तो नसतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम कोणाच्याही मालकीचा नाही. एखाद्या लेखातली माहिती तुम्ही स्वतःच्या शब्दांत खुशाल सांगू शकता. पण ती माहिती ज्या पानावर आहे ते पानच कुलपात असेल, तर सांगणार काय?

शोधनिबंधाची गोष्ट वेगळी

शास्त्रज्ञाने काही नवे शोधले की तो शोधनिबंध लिहितो आणि एखाद्या नियतकालिकाकडे पाठवतो. ही पद्धत साडेतीनशे वर्षांची आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. न्यूटनचा प्रकाश आणि रंग यांवरचा पहिला निबंध १६७२ साली त्यातच छापून आला. त्या निबंधाबद्दल न्यूटनला मानधन मिळाले नाही, आणि आजच्या शास्त्रज्ञालाही ते मिळत नाही. त्याला हवे असते ते एवढेच, की आपले काम जास्तीत जास्त लोकांनी वाचावे, तपासावे, पुढे न्यावे. त्याचा पगार येतो विद्यापीठाकडून किंवा सरकारकडून, म्हणजे बहुधा तुमच्या-आमच्या करांतून.

आता एका गावाची कल्पना करा. गावातले शेतकरी रोज डेअरीवर दूध घालतात आणि त्याचा एक पैसाही घेत नाहीत. दूध चांगले आहे की नाही हे दुसरे शेतकरी तपासून देतात, तेही फुकट. गुरांचा चारा ग्रामपंचायत पुरवते. डेअरीवाला ते दूध पिशव्यांत भरतो आणि त्याच गावाला वाटेल त्या भावाने विकतो. वर म्हणतो, "या दुधाची मालकी आता माझी. शेजाऱ्याला वाटीभर द्याल तर खबरदार!" असा व्यवहार कोणते गाव चालू देईल?

पण शोधनिबंधांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे चालू आहे. लिहिणारा फुकट लिहितो. निबंध छापण्याजोगा आहे की नाही हे दुसरे शास्त्रज्ञ तपासतात. त्यांना परीक्षक म्हणतात आणि तेही बहुतेक वेळा फुकटच तपासतात. संशोधनाचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. आणि निबंध छापून हवा असेल तर लेखकाने आपला कॉपीराइट प्रकाशकाला लिहून द्यायचा, अशी चाल पडून गेली आहे. मग तेच विद्यापीठ तोच निबंध वाचण्यासाठी प्रकाशकाला भरमसाट वर्गणी देते. सौद्यातले लेखकाचे पोट येथे कोठे आले? ज्या कारणासाठी मक्तेदारी दिली ते कारण उरले नाही; मक्तेदारी तेवढी राहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

एकाला दुसरा पर्याय नाही

वही एका दुकानात महाग मिळाली तर तुम्ही पलीकडच्या दुकानात जाता. म्हणून दुकानदाराला भाव फार चढवता येत नाही. शोधनिबंधाचे तसे नाही. क्षयरोगाच्या एका औषधावरचा निबंध महाग आहे म्हणून त्याऐवजी हिवतापावरचा स्वस्त निबंध वाचून भागत नाही. प्रत्येक निबंध एकमेव असतो. म्हणून ग्रंथालयाला सगळीच नियतकालिके घ्यावी लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे विज्ञानावर भरपूर खर्च करू लागली आणि निबंधांची संख्या झपाट्याने वाढली. रॉबर्ट मॅक्सवेल या ब्रिटिश उद्योजकाने हे हेरले. १९५१ साली त्याने पर्गमॉन प्रेस ही प्रकाशनसंस्था हाती घेतली आणि विज्ञानाच्या एकेका शाखेसाठी नवनवी नियतकालिके काढण्याचा सपाटा लावला. नवे नियतकालिक जुन्याचे गिऱ्हाईक पळवत नाही, उलट ग्रंथालयाच्या यादीत आणखी एकाची भर पडते, हे या धंद्याचे मर्म होते. १९९१ साली ही संस्था एल्सव्हियर या डच प्रकाशकाने विकत घेतली. एल्सव्हियर ज्या उद्योगसमूहात आहे, त्याच्या विज्ञान-प्रकाशनाच्या विभागाला अलीकडच्या वर्षांत १०० रुपयांच्या विक्रीमागे ३५ रुपयांहून अधिक नफा मिळत आला आहे. फार थोड्या धंद्यांत एवढा नफा राहतो.

त्यात संगणक आला. छापील अंक ग्रंथालयाने विकत घेतला, की तो ग्रंथालयाचा होत असे. कोणालाही तो वाचायला देता येई. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ही संस्था १९०७ साली स्थापन झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तेथली गणिताची नियतकालिके टपालाने सभासदांकडे फिरत. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. आज ग्रंथालय अंक विकत घेत नाही, तर संगणकावर तो पाहण्याचा परवाना घेते. वर्गणी थांबली की पुष्कळदा जुने अंकही दिसेनासे होतात. टपालाने अंक फिरवण्याची ती जुनी, साधी सोय नव्या यंत्रयुगात बेकायदा ठरली!

या दरांपुढे श्रीमंत देशांनीही हात टेकले. २०१९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सव्हियरशी असलेला करार मोडला. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, नव्या अटींवर पुन्हा समझोता झाला. १० शाखांच्या एवढ्या मोठ्या विद्यापीठाची ही स्थिती, तर गरीब देशांतील एकट्या-दुकट्या डॉक्टराची काय कथा?

लायबेरियाचा धडा

ही केवळ हिशेबाची बाब नाही. ती कधी कधी माणसांच्या जिवाशी येते. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या छोट्या देशात २०१४ साली इबोला या विषाणुजन्य रोगाची भयंकर साथ आली. तिने त्या देशात सुमारे ४,८०० बळी घेतले. हा रोग प्रथम १९७६ साली मध्य आफ्रिकेत ओळखला गेला होता. तो आपल्या भागात नाही, अशीच पश्चिम आफ्रिकेतील डॉक्टरांची समजूत होती. पण १९८२ सालीच एका युरोपीय नियतकालिकात जर्मन संशोधकांचा निबंध छापून आला होता. लायबेरियातील लोकांच्या रक्तात त्यांना इबोलाविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. लायबेरियाची गणना इबोलाच्या टापूत करावी आणि तेथील डॉक्टर-परिचारिकांनी सावध असावे, असे त्यांनी सुचवले होते.

लायबेरियाच्या आरोग्यखात्यातील डॉ. बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हे जगापुढे मांडले. असा एक निबंध संगणकावर उघडायला ४५ डॉलर पडत. ही रक्कम तेथील सरकारी डॉक्टरच्या सुमारे अर्ध्या आठवड्याच्या पगाराएवढी होती. किंमत हे एकच कारण नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्या संशोधनात लायबेरियातील कोणी सहलेखक नव्हते, आणि निष्कर्ष तेथल्या डॉक्टरांपर्यंत पोचवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. पण रक्त ज्यांचे तपासले त्यांच्याच देशाला ते ज्ञान विकत घ्यावे लागावे, यासारखा दुसरा अन्याय नाही.

२०२० साली कोविडची साथ आली तेव्हा याच प्रकाशकांनी कोविडवरचे निबंध जगाला तात्पुरते खुले केले. ते योग्यच केले. पण त्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली : कुलूप लावल्याने संशोधनाची गती मंदावते, हे त्यांनाही ठाऊक आहे. मग क्षयरोगाचे निबंध कुलपात का? सर्पदंशाचे का?

दुसरी बाजू

प्रकाशकांचेही म्हणणे ऐकून घेऊ. निबंध निवडणे, परीक्षकांशी पत्रव्यवहार करणे, भाषा सुधारणे, आकृत्या मांडणे, सगळे वर्षानुवर्षे जपून ठेवणे ही कामे खरी आहेत आणि त्यांना पैसा लागतो. हे मान्य. त्या कामाची मजुरी अवश्य द्यावी. पण शिंप्याला शिलाई दिली म्हणून कापड त्याचे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. 'वाचकाकडून घ्यायचे नाही, तर लेखकाकडून घेऊ,' असे काही प्रकाशक म्हणू लागले. 'नेचर' या विख्यात नियतकालिकात निबंध सर्वांना खुला ठेवायचा तर लेखकाने ९,५०० युरो भरावेत, असा दर २०२० च्या अखेरीस जाहीर झाला. आपल्याकडील साध्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने एवढी रक्कम कोठून आणायची? पूर्वी वाचण्याच्या दाराला कुलूप होते, ते आता लिहिण्याच्या दाराला लागले. शिवाय पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही त्यातून बोकाळली. तेव्हा हा उपाय खरा नव्हे.

खरे उपाय निघालेले आहेत. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने शोधनिबंध ठेवण्याचे एक संगणकीय भांडार सुरू केले. त्याला 'अर्काइव्ह' म्हणतात. आज त्यात वीस लाखांहून अधिक निबंध आहेत. तेथे ठेवायला पैसे लागत नाहीत आणि वाचायलाही लागत नाहीत. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन याने शंभर वर्षे न सुटलेला प्वांकारेचा प्रश्न सोडवला, तेव्हा २००२ आणि २००३ साली आपली उत्तरे फक्त या भांडारातच ठेवली. ब्राझीलमध्ये १९९८ पासून सार्वजनिक पैशावर खुली नियतकालिके चालवली जातात. आपल्या बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे 'रेझोनन्स' १९९६ पासून निघते. त्याचे अंक तुम्ही आजच संगणकावर विनामूल्य वाचू शकता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तर जुलै २०२५ पासून नियमच केला, की तिच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध प्रसिद्ध होताच सर्वांना खुला झाला पाहिजे.

आपल्याकडील चित्र

आपला कायदा या बाबतीत बराच उदार आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल तो गुन्हा मानत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर २०१२ साली तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला. अभ्यासक्रमातील प्रकरणांच्या प्रती काढून विद्यार्थ्यांना दिल्या, ही तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रकाशकांविरुद्ध निकाल दिला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

दुसरी मोठी घटना म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध झाली. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधकांना त्याचा लाभ मिळावा, अशी ही आखणी आहे. हिशेब करा : माणशी वर्षाला सुमारे १,१०० रुपये पडले. दूरच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाला आय. आय. टी. च्या बरोबरीने वाचता येणे ही आनंदाची गोष्ट आहे.

तरीही माझे समाधान होत नाही. आपण कुलूप काढलेले नाही, काही जणांसाठी किल्ली भाड्याने घेतली आहे. मुदत संपली की भाडे पुन्हा ठरवायचे. आणि किल्ली न मिळालेले कोण? तुमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर. निवृत्त इंजिनिअर. तुम्ही स्वतः. या लोकांना शोधनिबंध कशाला हवेत, असे कोणी विचारील. त्याला दोन नावे सांगा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाडसारख्या गावी राहून विंचूदंशावर संशोधन केले आणि १९८० च्या दशकात ते 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाले. त्या उपचाराने विंचूदंशाचे असंख्य रोगी वाचले. पुढचे कापरेकर आणि पुढचे बावस्कर कोणत्या गावात आहेत, हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच दार सर्वांना उघडे हवे.

तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट : श्रेय आणि कॉपीराइट यांची गल्लत करू नका. ज्ञान खुले असावे याचा अर्थ दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर खपवावे असा नव्हे. विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पात कोणाचा विचार घेतला तर त्याचे नाव आवर्जून लिहा. श्रेय देणे हा विज्ञानाचा धर्म आहे, आणि त्याला मुदत नाही.

दुसरी : एखादा निबंध पैशांवाचून उघडत नसेल तर लगेच निराश होऊ नका. लेखकाने तो खुल्या भांडारात ठेवला आहे का ते पाहा. नसेल तर शिक्षकांच्या मदतीने लेखकालाच नम्रपणे लिहा. आपले काम कोणी वाचू इच्छितो याचा शास्त्रज्ञाला आनंदच वाटतो, आणि पुष्कळ जण प्रत पाठवतात.

तिसरी तुमच्या उद्याच्या काळासाठी. तुमच्यापैकी काही जण शास्त्रज्ञ होतील, काही ग्रंथपाल, काही वकील, काही लोकप्रतिनिधी. तेव्हा एवढा एक नियम मनाशी धरा : जनतेच्या पैशातून झालेले संशोधन प्रसिद्ध होताच जनतेला खुले झाले पाहिजे, आणि त्याचा हक्क लेखकाने कोणाला लिहून देता कामा नये. १७१० सालचा कायदा विद्येच्या उत्तेजनासाठी झाला होता. तो हेतू आजही उत्तम आहे. जो कायदा त्या हेतूच्याच आड येतो, तो बदलायला हवा. आणि कायदे माणसेच बदलतात.